किरकोळ रजा आणि उल्हास नदी

मनुष्याने कोणता छंद जडवून घ्यावा याविषयी धर्मशास्त्रात किंवा नोकरीच्या नियमावलीत स्पष्ट निर्बंध आढळत नाहीत. तथापि ज्या डोंबिवलीकर गृहस्थाचे उठणे, दाढी, आंघोळ, न्याहारी आणि गृहकलह हे सर्व एका ठरावीक लोकलच्या वेळेवर बेतलेले असते, त्याने ज्याला वेळापत्रक नावाची वस्तूच ठाऊक नाही असा छंद पत्करावा, हे विधात्याच्या विनोदबुद्धीचे गमक मानले पाहिजे. माझा छंद कायाक वल्हवण्याचा आहे, आणि तोही संथ पाण्यात नव्हे, तर पावसाळी नदीच्या खळाळात.

कायाक म्हणजे जाड प्लास्टिकची, आठ-नऊ फूट लांबीची, वरून बंद आणि मध्ये एका माणसापुरते भोक ठेवलेली होडी. कमरेभोवती रबरी घागरा चढवून त्याचा घेर त्या भोकाच्या काठावर ताणून बसवला, की माणूस आणि होडी यांचे अद्वैत सिद्ध होते, व होडी पालथी झाल्यास आत्माही तिच्यासमवेत पालथा होतो. अशा प्रसंगी पाण्याखाली डोके शांत ठेवून, वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानिशी कमरेला मुरड देऊन पुन्हा सुलटे व्हावयाचे असते. ज्यास हे साधते तो खेळाडू. ज्यास साधत नाही त्याला इतरांनी काठावर ओढून काढावे असा प्रघात आहे.

आता ठाण्याला तलावांची वाण नाही आणि कल्याणला खाडी आहे. मग आमचे अडते कोठे, असा प्रश्न परगावचे लोक विचारतात. तलावाचे पाणी हलत नाही, आणि खाडीचे हलते ते भरती-ओहोटीच्या हुकमाने. आम्हांस हवे असते उतारावरून खडकांवर आपटत, फेसाळत येणारे पाणी, आणि ते उल्हास नदीत मिळते तिच्या वरच्या अंगाला, कर्जतच्या बाजूस, घाट उतरून आलेली ती अद्याप सपाटीला सरावलेली नसते तेथे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमधील अंतर इतके थोडे, की खंडाळ्याच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस काळ्या कातळात मुरण्याच्या भानगडीत न पडता तडक नदीत उतरतो; काही तासांत नदी चढते आणि पावसाने हात आखडता घेतला की काही तासांत ओसरते. हृषीकेशच्या गंगेस हिमालयाच्या बर्फाचे निवृत्तिवेतन आहे; आमची उल्हास निव्वळ रोजंदारीवर जगते. ती उन्हाळ्यातही कोरडी पडत नाही हे खरे, परंतु त्याचे श्रेय १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजगृहाला आहे. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाट उतरून तेथे वीज निर्माण करते, मग उल्हासेत सोडले जाते, आणि पुढे आमच्याच नळांना येते. त्या पाण्यावर आंघोळ होते, कायाक होत नाही.

पाऊस केव्हा पडेल हे सांगणारी दोन पीठे आमच्या इमारतीत आहेत. तळमजल्यावरचे नाना पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहतात. वाहन म्हैस, बेडूक किंवा हत्ती असेल तर ते मला होडी पुसून ठेवावयास सांगतात. कोल्हा वा मेंढा निघाल्यास सांत्वनपर चहा पाजतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांच्या स्वभावांवर ते घरच्या माणसांसारखे बोलतात. दुसरे पीठ माझ्या पुतण्याचे. तो कुलाब्याच्या रडारचे चित्र मोबाइलवर पाहतो आणि मध्यरात्री मला हलवून जागे करतो. "काका, घाटावर सगळं लाल दिसतंय!" नक्षत्र आणि रडार यांचे मतैक्य झाले, की दुसऱ्या दिवशी हमखास लख्ख ऊन पडते.

कचेरीत तर माझी अवस्था अधिकच चमत्कारिक. किरकोळ रजेचा अर्ज आगाऊ द्यावा असा दस्तूर आहे, आणि नदी आगाऊ वर्दी देत नाही. एकदा मी अर्जातील कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'पर्जन्य' असे लिहिले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले.

"पाऊस पडला म्हणून येऊ शकलो नाही, असं सगळा जिल्हा लिहितो. पाऊस पडेल म्हणून येणार नाही, असं लिहिणारे तुम्ही पहिलेच."

घरी होडी कोठे ठेवावी हा स्वतंत्र खटला. आमच्या गॅलरीहून ती लांब असल्यामुळे काही काळ ती जिन्याच्या वळणावर होती. मग फलकावर सूचना लागली, की जिन्यात सायकली, कुंड्या अथवा नौका ठेवू नयेत. आता ती दिवाणखान्यात भिंतीशी उभी असते आणि तिच्या पोटात गोधड्या असतात. "अहो, पाहुण्यांना मी ते कपाट आहे म्हणूनच सांगते," असे सौभाग्यवतीने एकदा शांतपणे कळवले. त्यातून आषाढात तो रबरी घागरा वाळता वाळत नाही. घरातील दोरीवर, पंख्याखाली, माझे दोन शर्ट आणि तिची साडी यांच्या मधोमध तो ठिबकत असतो, आणि त्याचा जो एक ओलसर, चिखलकट, किंचित आंबूस दर्प सुटतो, त्याला कोणत्याही अत्तराच्या दुकानात तोड मिळणार नाही.

परंतु या छंदातील मुख्य पेच वेगळाच आहे. ज्या पावसाने कर्जतला नदी भरते, त्याच पावसाने कर्जतला जाणारी रेल्वे बंद पडते. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हासेच्या पुरात अडकून पडली, व हजारांवर प्रवाशांना रबरी नावांतून बाहेर काढावे लागले. सर्व जण सुखरूप सुटले, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करतो, की ज्यांनी तिकीट कोल्हापूरचे काढले त्यांना उल्हासेवर नाव मिळाली, आणि ज्यांच्या घरात नाव होती ते डोंबिवलीत दूरदर्शनसंचासमोर बसून राहिले. रस्त्यांचीही तीच गत: काळूचे पाणी टिटवाळ्याला आडवे येते आणि उल्हासेचे रायत्याच्या पुलावर चढते. आणि कर्जतचा रस्ता खुला असला तरी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम आधीच जारी झालेला असतो. तो योग्यच असतो. बदलापूरला इशाऱ्याची पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर, त्या पाण्यातून झाडांचे बुंधे वाहत येतात, आणि बंधाऱ्याखाली जे उलटे फिरणारे पाणी तयार होते ते माणसाला पकडून ठेवते, सोडत नाही. सारांश, थोड्या पाण्यात होडी दगडांवर घासते, फार पाण्यात शहाणा माणूस उतरत नाही, आणि नेमके पाणी मंगळवारी येते.

अशा एका मंगळवारी आम्ही पोहोचलो होतो. पाणी चहाच्या रंगाचे, त्याला ओल्या मातीचा वास, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलावयाचे तर ओरडावे लागे. पहिल्या उतारावर होडीचे नाक लाटेत घुसले, तोंडावर थंड पाण्याची चपराक बसली, आणि पुढच्या क्षणी मी एका मोठ्या खडकाच्या आडोशाला होतो. तेथे पाणी उफराटे, वरच्या दिशेला वळते आणि होडी आपसूक स्थिर होते. दोन्ही अंगांनी नदी धावते आहे आणि आपण तिच्या मधोमध स्वस्थ बसलो आहोत, या सुखापुढे बढतीचे सुख फिके वाटते. काठावर डोक्यावर इरले घेतलेला एक शेतकरी उभा होता.

"काय वाहून गेलंय काय तुमचं?" त्याने ओरडून विचारले.

काही नाही, मौजेखातर आलो, असे मी सांगितले. त्याने पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता तो लावणीला निघून गेला. आम्ही काठावर येऊन चहा घेतला तोवर मघाचे खडक डोके वर काढून बसले होते.

ज्यांस ही अनिश्चितता सोसवत नाही त्यांच्यासाठी कोलाडची कुंडलिका आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी सुटते, आणि रबरी तराफे त्याच्या वेळेबरहुकूम निघतात. जे धरण होऊ नये म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, त्याच्या पाण्यावर आज सहली जातात, हा इतिहास तराफ्यात बसताना सहसा कोणी सांगत नाही, सांगावयास हवा. कुंडलिका नोकरीत कायम झालेली नदी आहे. तिच्यावर मौज आहे, पण माझा जीव रोजंदारीवालीवरच. तिकडे केरळात कोझिकोड जिल्ह्यात २०१३ पासून पावसाळी नद्यांवर कायाकचा महोत्सव भरतो आणि त्याच्या तारखा आधी जाहीर होतात, याबद्दल त्या लोकांच्या श्रद्धेला माझा नमस्कार.

तूर्त एवढीच विनंती, की वाचकांपैकी कोणाचे आप्त खंडाळ्यास अगर लोणावळ्यास राहात असतील, तर त्यांनी रात्रभर पागोळ्या अखंड वाजत राहिल्यास पहाटे मला एक फोन करावा. वार कोणताही असो; रजेचे मी पाहून घेईन.