पोत्याचा पराक्रम
१ जून २०२३ रोजी कोलोराडो स्प्रिंग्ज येथील अमेरिकी हवाई दल अकादमीच्या दीक्षान्त समारंभात ९२१ स्नातकांशी हस्तांदोलन करून आसनाकडे परतणारे सरसेनापती जो बायडेन वाळूच्या पोत्याला अडखळून व्यासपीठावर कोसळले, तेव्हा चाल करून येणाऱ्यास रोखणे हे आपले परंपरागत कर्तव्य त्या पोत्याने स्वपक्ष-परपक्ष असा क्षुद्र भेद न करता बजावले, याबद्दल त्याचे अभिनंदन करणे प्राप्त आहे. २०२० साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत समारंभानंतर जपून जपून उतरलेल्या ट्रम्पसाहेबांनी तर उतरण निसरडी असल्याची तक्रार जाहीररीत्या गुदरली होती. सबब पोते व उतरण या उभयतांस संरक्षण खात्याच्या आस्थापनेवर कायम करावे. पोते मुळात ठेवले होते टेलिप्रॉम्प्टर पडू नये म्हणून. आणि तो पडला नाही, हेही दप्तरी नोंदवावे.