रा. रा. बूस्ट बटणराव यांसी

रा. रा. बूस्ट बटणराव,
मुक्काम प्रत्येक पोस्टच्या पायथ्याशी.



पत्रास कारण की, गेल्या दोन वर्षांत तुम्ही आमच्या घरी जितक्या वेळा आलात तितक्या वेळा आमचे सख्खे जावईसुद्धा आले नाहीत. ते बिचारे धोंड्याच्या महिन्यात येतात, वाण घेतात आणि पुढची तीन वर्षं गप्प बसतात. तुमचा अधिक महिना बाराही महिने. आम्ही एक फोटो टाकला रे टाकला की खाली तुम्ही निळा सदरा घालून पाटावर हजर.

तुमच्या मालकांचं नाव मी या पत्रात घेत नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका मालकांचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत, आणि मला ऐन वेळी उखाणा सुचत नाहीये. शिवाय त्यांच्याच ओसरीवर आमचं पेज आहे. ओसरीवर राहून घरमालकाचं नाव घेऊ नये.

तुम्हाला आठवत नसेल, म्हणून ओळख देतो. दाळमंडईजवळ आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. दोन डंख, म्हणजे मुसळांची कांडपयंत्रं, एक गिरणी, बाहेर एक बाक. होळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत बाकावर जागा नसते. बायका घरून मिरची वाळवून, खोबरं-धने भाजून, दगडफूल-नागकेशर पुड्या बांधून आणतात. बेडगी रंगाला, लवंगी झणक्याला, आणि प्रमाण ज्याच्या त्याच्या सासूचं. आम्ही फक्त कुटून देतो. नाकाला रुमाल बांधून माणसं शिंकत असतात आणि शिंकता शिंकता मुलींची लग्नं ठरवतात. या दुकानाला तीस वर्षांत जाहिरात लागली नव्हती. वास चौकापर्यंत जात होता.

मग पुतण्या म्हणाला, "काका, एक रील टाकू आणि बूस्ट मारू." रील बरं झालं होतं, खोटं कशाला बोलू. डंखाची मुसळं वरखाली, लाल धुरळा, मागे ढोलकी. हजार रुपये भरले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 180. आमचं दुकान जीएसटीत नोंदवण्याइतकं मोठं नाही, त्यामुळे त्या 180 रुपयांचा परतावाही नाही. हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतं, पण जावयाला कुणी आधी विचारतं का, किती पुरणपोळ्या खाणार म्हणून?

तुम्ही मात्र आम्हाला बरेच प्रश्न विचारलेत. गिऱ्हाईक कुठलं हवं? वय किती? आवड कशाची? पुतण्यानं "तुम्हीच ठरवा" या पर्यायावर बोट ठेवलं, आणि तुम्ही ठरवलंत. काय ठरवलंत! नागपूर, नांदेड, बेळगाव, कुठकुठून अंगठे आले. पाच आकडी माणसांनी आमचा डंख पाहिला. बटणराव, आम्ही मसाला विकत नाही, कुटून देतो. नागपूरचा माणूस पाच किलो मिरची घेऊन रात्रीच्या गाडीत बसेल आणि सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून "कुठंय हो डंख?" असं विचारेल, हा हिशेब तुम्ही कोणत्या पंचांगावरून मांडलात? न्हाव्याची जाहिरात परगावात करण्यातला हा प्रकार. एका सद्गृहस्थांनी विचारलं, "भाऊ, पाठवाल का?" मी उलट विचारलं, "काय पाठवू? आवाज?"

हौस म्हणून पाकिटं काढायचंही मनात आणलं होतं. पण बंद पाकिटात मसाला विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी, पाकिटावर तो 14 आकडी क्रमांक, वजन, तारीख, घटक. त्यात चूक काही नाही, खाण्याची वस्तू आहे. पण हा निराळा धंदा झाला. तुमच्या अंगठ्यांना उत्तर देण्यासाठी मी धंदा बदलावा, ही तुमची सूचना मला जरा जास्तच आपुलकीची वाटली.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. नकाशावर शहराभोवती वर्तुळ काढलं. भिंगार आलं, केडगाव आलं, सावेडी आली. आता गंमत बघा. जाहिरातीत पुतण्यानं लिहिलं "नगरकरांसाठी". खाली पहिली टिप्पणी: "अहिल्यानगर म्हणा." दुसरी: "नगर म्हटलं तर काय बिघडलं?" तिसऱ्यानं अहमदनगर लिहिलं आणि मग पेटलं. 31 मे 2023 ला चौंडीत नामांतराची घोषणा झाली, मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली, ऑक्टोबर 2024 मध्ये अधिसूचना निघाली, हा सगळा इतिहास माझ्या मसाल्याच्या जाहिरातीखाली माझ्या पैशानं पुन्हा घडला. 1490 च्या मलिक अहमदपासून सुरुवात झाली होती. दोन दिवस चालू होतं. एकानेही मिरचीचा विषय काढला नाही. आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी कळवलंत की या जाहिरातीला फार छान प्रतिसाद आहे!

तसं नावाचं कोडं आम्हा दुकानदारांना खरोखरच पडलेलं आहे, त्यात तुमचा दोष नाही. पाटीवर एक नाव, जुन्या बिलबुकावर दुसरं, गिऱ्हाइकाच्या तोंडी "नगर". शोधताना कोण काय टाइप करील याचा नेम नाही. आमच्या शेजारच्या भांडीवाल्यानं नकाशावरच्या नोंदीत वरती नवं नाव लिहिलं, खाली माहितीत "नगर" ठेवलं, आणि पिनकोड 414001 ठसठशीत टाकला. पिनकोडवर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. पोरं तर सरळ "एमएच 16" लिहितात. सगळ्यात सोपं तेच. त्या भांडीवाल्याच्या नोंदीला एक पैसा लागलेला नाही. दुकानाच्या दाराचा फोटो, उघडण्या-मिटण्याची वेळ, फोन नंबर, इतकंच. परवा पाथर्डीचं एक जोडपं रुखवताची भांडी घ्यायला त्या नकाशावरून थेट त्याच्या उंबऱ्यात आलं. मी माझ्या बाकावरून बघत होतो. माझ्या खिशात त्या वेळी तुमची पावती होती.

आता मुख्य विषय. एप्रिल महिना, हंगाम टिपेला, आणि मोठ्या डंखाची मोटर जळाली. पुतण्यानं पेजवर चार ओळी टाकल्या: "मोटर जळाल्यामुळे दुकान दोन दिवस बंद राहील. क्षमस्व." फोटोसुद्धा नव्हता. तासाभरात टिप्पण्यांची रांग. "अहो, मिरच्या उन्हात टाकल्यात, आता काय करू?" "रविवारी लेक वाघोलीला चाललीय, तिच्याबरोबर द्यायचाय." "मोटर गुंडाळायला आमच्या मेहुण्याकडे द्या, रात्रीत करून देतो." एका आजींनी नातवाच्या फोनवरून विचारलं, "तुमची तब्येत बरीय ना?" बटणराव, या एकेकीला मी आवाजावरून ओळखतो. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही निरोप धाडलात: ही पोस्ट तुमच्या इतर पोस्टपेक्षा चांगली चालली आहे, अधिक लोकांपर्यंत पोहोचवा. म्हणजे आमचं दुकान बंद आहे हे जास्तीत जास्त लोकांना कळावं, यासाठी मी तुम्हाला पैसे द्यावेत! असं मागणं इतक्या सभ्यपणे मागायला जावयाचंच काळीज लागतं.

मी आमच्या सौ.ला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. त्याला वाचता कुठं येतंय? तो मोजतो." मी यावर काही बोललो नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे.

तुमच्या वतीनं आमच्याकडे पॅकेजवाले येतात, त्यांच्याविषयी थोडकं लिहितो. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, सणावाराच्या शुभेच्छा वेगळ्या. एकानं माझ्यासाठी जागतिक चहा दिनाची पोस्ट नमुना म्हणून आणली होती, खाली माझा फोटो. दिल्ली गेटच्या फ्लेक्सवर वाढदिवसाचे भावी नगरसेवक असतात, तसा मी दिसत होतो. फ्लेक्स निदान वाऱ्यानं फाटतो.

हे सगळे पॅकेजवाले एक उदाहरण हमखास देतात, आणि त्या उदाहरणावर मात्र माझं प्रेम आहे. इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर सारोळा कासार. तिथल्या सुमन धामणे आजी. 2020 साली, सत्तरीच्या घरात, नातवाच्या हट्टानं कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि 'आपली आजी' या यूट्यूब चॅनेलनं काही महिन्यांत लाखांचा आकडा ओलांडला. पॅकेजवाला म्हणतो, "बघा काका, आजींना जमलं, तुम्हाला का नाही?" मी विचारतो, आजींनी तुझ्याकडून कोणतं पॅकेज घेतलं होतं? गडी गप्प. आजींची कारल्याची भाजी गाजली. कारल्याची, बटणराव! जी ताटात आली तर पोरं उठून जातात, ती लाखोंनी बसून पाहिली. अकरावीतला नातू, गावाकडचं नेट आणि आजींची बोली, इतकं भांडवल. इंग्रजी नावं त्या नातवाकडून शिकून घेत होत्या. यात तुम्हाला दाबायला जागा कुठे होती?

त्या गोष्टीचा उत्तरार्ध पॅकेजवाले सांगत नाहीत. ऑक्टोबर 2020 मध्ये ते चॅनेल हॅक झालं. चार दिवसांनी परत मिळालं म्हणून बरं. ते चार दिवस आजींना सगळं येत होतं, भाजीही येत होती, पण ओसरी दुसऱ्याची होती आणि कडी आतून लागली होती. हे कळल्यावर मी पुतण्याला पहिलं काम सांगितलं ते पासवर्डचं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या दुहेरी कुलपाची सोय फुकट मिळते. आणि गिऱ्हाइकांचे नंबर मी आजही लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहितो. ती वही हॅक करायला माणसाला दुकानात यावं लागेल, आणि आल्यावर शिंक येईल.

त्या वहीतूनच आमचा खरा धंदा चालतो, तो तुम्हाला दिसणार नाही असा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करतो. एका यादीत 256 नंबर बसतात. तिचा एक नियम मला फार आवडतो: ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय, त्यालाच निरोप जातो. बाकीच्यांना जातच नाही. म्हणजे मी कितीही ओरडलो तरी ऐकणार तेच, ज्यांनी "डंखवाले काका" म्हणून मला एकदा लिहून ठेवलंय. सकाळी निरोप टाकतो, "आज लाइट दुपारी दोनला जाणार, लवकर या." अकरापर्यंत बाक भरतो. हंगामाच्या सुरुवातीला सौ. आवाजात सांगते की यंदा मिरची कशी वाळवा, ढगाळ दिवस आहेत, गच्चीवर रात्री ठेवू नका. त्या आवाजाला अंगठे येत नाहीत. उलट आवाज येतात, लांबलचक, मध्ये कुकरच्या शिट्ट्या.

आणि पोहोच म्हणाल तर तीही आहे. इथल्या आईनं कुटून नेलेला मसाला वाघोलीला लेकीकडे जातो, तिथून चाकणला नणंदेकडे. तिसऱ्या घरातली सून मग आईला फोन करते, "कुणाकडून कुटलास?" पुण्याला जाणाऱ्या एसटीत डबा ठेवून झालेली ही जाहिरात आहे. तिला वर्तुळ काढता येत नाही आणि वयाची अटही नाही. तुमच्या 18 ते 65+ या गटात आमची मुख्य गिऱ्हाईकं कागदोपत्री बसतात, पण तुम्हाला सापडत नाहीत. काळ्या मसाल्याचं प्रमाण ज्यांच्या हाती आहे त्या सत्तरीच्या आहेत, आणि त्यांचा फोन नातू वापरतो.

तरी तुमच्यावर राग नाही. नवा वडापाव, नवं जिम, शिर्डीच्या वाटेवरचं लॉज, ज्यांना रोज अनोळखी माणूस लागतो त्यांच्याकडे तुम्ही अवश्य जावं. तिथं तुमचा पाहुणचार परवडतो, आणि दाबण्याआधी पैसे कुठल्या कामाला लावायचे हे ठरवणारी पोरंही तिथं आहेत. लाइक मागायचे की फोन मागायचा, हा फरक आमच्या पुतण्याला तिसऱ्या हजारानंतर कळला. हुशार आहे, लवकर कळला म्हणायचं.

आमच्याकडे यायचंच असेल तर गिऱ्हाईक म्हणून या. मोटर आता नवी बसवली आहे. येताना मिरच्या कडकडीत वाळवून, देठं काढून आणा, आम्ही देठं काढून देत नाही. खोबरं-धने भाजून आणलेत तर पुरते गार होऊ द्या, गरम टाकले की डंखात लगदा होतो. नाकाला रुमाल लावा. नंबर वहीत लिहून बाकावर बसा, कुणाची मध्ये घुसाघुस चालत नाही. मंगळवारी दुकान बंद असतं.

आपला,
डंखवाले काका
दाळमंडईजवळ, 414001