गोधडीला पर्पजचे अस्तर कसे लावावे

आपण गोधड्या शिवून विकता. मेणबत्त्या ओतत असाल, टेराकोटाचे कानातले घडवत असाल किंवा जुन्या साड्यांच्या काठांच्या पर्स करत असाल तरी हरकत नाही. पुढील मजकुरात ‘गोधडी’च्या जागी आपापला माल वाचावा. माल चांगला आहे. सोसायटीतल्या काकूंनी दोन घेतल्या, त्यातली एक त्यांच्या सुनेबरोबर न्यू जर्सीला गेली. इतके दिवस कुणी विचारले की हा उद्योग का सुरू केलात, तर आपण सांगत होतात, ‘‘हात शिवशिवतात आणि फ्लॅटचा हप्ता आहे.’’ उत्तर खरे आहे, पण प्रदर्शनाच्या फॉर्मवर ते चालत नाही. तिथे ‘आपल्या ब्रँडचा पर्पज, शंभर शब्दांत’ असा रकाना असतो आणि त्यात ‘हप्ता’ लिहून झाल्यावर नव्व्याण्णव शब्द शिल्लक राहतात.

सदर मार्गदर्शन त्या नव्व्याण्णव शब्दांसाठी आहे.

पूर्वतयारी

एक कोरी वही आणावी. हिशेबाची वही या काळात माळ्यावर टाकावी. तिच्यातले आकडे समोर असले की पर्पज बुजतो आणि जवळ येत नाही. मोबाइल बंद करू नये, कारण पर्पज सापडल्याचा क्षण रीलमध्ये यावा लागतो. शनिवारची एखादी कार्यशाळा करावी. तिथे डोळे मिटून दहा वर्षांनंतरचे आपण पाहायला सांगतात. हप्ता वीस वर्षांचा असेल तर दहा वर्षांनंतरही तो दिसतोच. त्याकडे दुर्लक्ष करावे.

कार्यशाळेत फळ्यावर चार वर्तुळे काढतील : आपल्याला काय आवडते, काय येते, जगाला काय हवे आहे आणि कशाचे पैसे मिळतात. चारही जिथे एकमेकांत शिरतात तिथे ‘इकिगाई’. ही आकृती जपानातल्या शतायुषी आजोबांनी काढली अशी आपली समजूत असेल, तर ती कुणापाशी बोलून दाखवू नये. शब्द जपानी आणि जुना आहे, वर्तुळे नाहीत. ती आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने काढली आणि मध्यभागी शब्द लिहिला होता ‘पर्पज’. २०१४ साली मार्क विन या ब्रिटिश गृहस्थाने तो पुसून तिथे ‘इकिगाई’ घातला आणि आकृती जगभर पसरली. म्हणजे आपण शोधत आहात ती वस्तू मध्यभागी आधीपासून होती, आणि ठेवणारा ज्योतिषी होता. आपल्याकडे पत्रिका दाखवायला याहून कमी पैसे पडतात, पण पत्रिकेचा फोटो ब्रँडच्या पानावर टाकता येत नाही.

वर्तुळे भरताना चौथ्यापाशी पेन अडखळेल. ‘कशाचे पैसे मिळतात’ यात काय लिहावे हे पहिल्या वर्षी कुणालाच ठाऊक नसते. तिथे ‘आंतरिक समाधान’ लिहून पुढे जावे.

थोरांची चरित्रे मधूनच वाचावीत

पर्पजवर उभ्या राहिलेल्या उद्योगांचा अभ्यास करावा, मात्र पहिले प्रकरण गाळून. अॅनिटा रॉडिक यांचे उदाहरण घ्या. ‘द बॉडी शॉप’ हे त्यांचे पहिले दुकान इंग्लंडात ब्रायटनला १९७६ साली उघडले. पुढे निसर्ग, प्राण्यांवरील चाचण्यांना विरोध, गरीब देशांतल्या उत्पादकांशी रास्त व्यापार या सगळ्याचे ते जगातले ठळक नाव झाले. इथून वाचायला घेतले तर ऊर भरून येतो. सुरुवातीपासून वाचले तर वेगळेच दिसते. नवरा घोड्यावरून ब्यूनोस आयरेस ते न्यूयॉर्क जायच्या बेतात होता, पदरात दोन मुली होत्या, घर चालवायचे होते. मुलींना घेऊन कर्ज मागायला गेल्या तेव्हा बँकेने नकार दिला. नवऱ्याला पुढे करून गेल्यावर चार हजार पौंड मिळाले. भिंतींना ओल होती, ती झाकायला गडद हिरवा रंग मारला. बाटल्या घ्यायला पैसे नव्हते म्हणून गिऱ्हाइकांना सांगितले, रिकामी बाटली आणा, पुन्हा भरून देते. दुकानाच्या दोन्ही बाजूंना अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांची दुकाने होती.

ओल, टंचाई आणि फिरस्ता नवरा. यातून पर्यावरणाचा झेंडा उभा राहिला, आणि रॉडिकबाईंनी पुढे हे मोकळेपणाने सांगितलेही. आपण सांगू नये. आपल्या भिंतीला ओल असेल तर रंग जरूर मारावा, फक्त कारण आधी ठरवून घ्यावे.

लिज्जतचे पहिले प्रकरण तर अजिबातच उघडू नये. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ऐंशी रुपये उसने घेतले होते. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. घरबसल्या चार पैसे मिळावेत आणि येत असलेली एकच विद्या, स्वयंपाकाची, त्यासाठी कामी यावी, एवढाच मामला होता. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही आणि पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, हे दोन नियम त्यांनी पाळले. या सातांपैकी कुणी डोळे मिटून दहा वर्षांनंतरचे स्वतःला पाहिले होते का, याची नोंद नाही. पीठ भिजवलेले असताना डोळे मिटायला बहुधा सवड नसावी.

टॅग

आता मुख्य भागाकडे येऊ. पर्पज मनात असून भागत नाही, तो गोधडीला लटकावा लागतो. त्यासाठी खाकी जाड कागद, सुतळी आणि एक आजी लागते.

आजी अपरिहार्य आहे. स्वतःची आजी शिवणकामाच्या वाटेला कधी गेली नसेल तर सासूबाईंची आई घ्यावी. टॅगवर लिहावे की आजीच्या उबदार स्पर्शातून हा प्रवास सुरू झाला. वस्तुतः आजीने गोधडी शिवली ती थंडी वाजते म्हणून. लुगडे विटले, फाटले, नेसायच्या लायकीचे राहिले नाही, की त्याच्या घड्या एकावर एक घालायच्या, वर त्यातल्या त्यात धड कापड ओढायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचे. ठिगळ सुंदर दिसावे म्हणून लावलेले नसे, तिथे भोक होते म्हणून लावलेले असे. आपण हे ‘शून्य कचरा तत्त्वज्ञान’ असे लिहावे. भोके नसतील तर पाडून घेऊ नयेत. तयार ठिगळांचे कापड आता मीटरवर मिळते.

एक कायदेशीर सूचना. ‘इकोफ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘सस्टेनेबल’ हे शब्द सुतळीबरोबर आपोआप येतात असा समज आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, असे मोघम दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत. म्हणून गोधडी खरोखर जुन्या सुती साडीची असेल तर ‘जुन्या सुती साडीची गोधडी’ असे लिहिण्याचा मोह होईल. तो आवरावा. एवढे साधे वाक्य वाचून चार हजार रुपये कोण देणार?

त्याऐवजी ‘स्त्री सबलीकरण’ घ्यावे. त्याचा पुरावा अजून कुणी मागत नाही. आपण स्वतः स्त्री असल्याने निम्मे सबलीकरण झालेलेच असते. उरलेले निम्मे गोधड्या प्रत्यक्ष शिवणाऱ्या मावशींचे दाखवावे. मावशी वारज्याच्या एका खोलीत फरशीवर बसतात. गोधडीचे एक टोक गुडघ्याखाली दाबून धरतात, तर्जनीला चिंधी गुंडाळतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा टाका घालत निघतात. धागा संपला की गाठ दोन थरांच्या मध्ये दडवतात, वरून दिसत नाही. याचा फोटो अवश्य काढावा. फोटोत फक्त हात घ्यावेत. चेहरा घेतला की लोक नाव विचारतात, आणि नाव छापले की पुढची ऑर्डर थेट मावशींना जाते.

अडचणी आणि निवारण

टॅग लावण्याचे काम मावशींनाच दिले तर पुढील संवाद होण्याचा संभव आहे.

‘‘ताई, काय लिहिलंय हो यावर?’’

‘‘तुमच्याबद्दलच आहे, मावशी. तुम्ही स्वावलंबी झालात असं लिहिलंय.’’

‘‘बरं झालं बाई. मग मागच्या दोन गोधड्यांचं कधी देताय?’’

अशा वेळी गांगरू नये. प्रदर्शनाचे पैसे अडकलेत, बुटीकवाल्या बाईंनी अजून दिलेले नाहीत, हे शांतपणे सांगावे. ते खरेही असते. बुटीकवाल्या बाईंच्या भिंतीवर आपल्याहून मोठा पर्पज लावलेला असतो आणि त्या तीन महिने ‘‘पुढच्या आठवड्यात नक्की हं’’ म्हणत असतात. या साखळीत पर्पज वरपासून खालपर्यंत बिनबोभाट पोचतो, अडकतात ते पैसे.

हिशेबाची वही चुकून माळ्यावरून खाली आली तर त्यात साधारण असे दिसेल. समजा गोधडी ४२०० रुपयांना गेली. मावशींना त्यातले ७०० दिले. मावशी रोज चार तास बसल्या आणि आठ दिवसांत ती पुरी झाली. तासाला २२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. स्टॉलचे भाडे, कापड, खोके, कुरियर, टॅग, रीलच्या शूटिंगसाठी बोलावलेला मुलगा, हे सगळे वजा जाता आपल्याही हाती फारसे राहत नाही, हे मान्य. पण त्या मुलाने तासाचे किती घेतले ते त्याच पानावर असते. पान उलटावे.

समाजाचे ऋण कसे फेडू, अशी टोचणी लागली असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ वाचून धीर धरावा. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक टप्पा गाठलेल्या कंपनीलाच तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपण गोधड्यांवर तिथवर पोचेपर्यंत बराच अवधी आहे. तोवर मावशींची दिवाळी आपल्या मर्जीवर.

बुटीकवाल्या बाईंचा बंदोबस्त मात्र आजच करता येतो. सूक्ष्म उद्योगाने माल किंवा सेवा दिली असेल तर, २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अट एवढीच की आपली उद्यम नोंदणी आधी झालेली हवी. १ एप्रिल २०२५पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीला अडीच कोटी आणि उलाढालीला दहा कोटी आहे, तेव्हा आपण त्यात आरामात मावता. नोटीस पाठवताना पत्राच्या वर ब्रँडचा पर्पज छापू नये, बुटीकवाल्या बाई तो वाचून भावुक होतात आणि पैसे विसरतात.

कायद्यात एक धोका आहे, तो इथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. सेवा पुरवणाराही त्यात येतो. मावशींनी स्वतःची उद्यम नोंदणी केली, तर शिवून देणाऱ्या म्हणून त्या पुरवठादार ठरू शकतात आणि खरेदीदाराच्या जागी आपण. ४५ दिवस, तिप्पट दर, चक्रवाढ, सगळे तेच.

प्रदर्शनाच्या फॉर्मवरचा रकाना भरून द्यायची शेवटची तारीख जवळ आली असेल आणि अजून काही सुचत नसेल, तर त्यात मावशींचे नाव, एका गोधडीला लागलेले तास आणि त्यांना दिलेली रक्कम लिहून पाहावी. शंभर शब्द लागत नाहीत. स्टॉल मिळेल याची हमी आम्ही देत नाही.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. आधार आणि पॅन लागतो, फी एक रुपयाही नाही. कुणी मागितली तर तो दलाल समजावा. आपली करून घ्या, जमल्यास मावशींचीही करून द्या. आणि त्या मागच्या दोन गोधड्यांचे पैसे आज संध्याकाळपर्यंत द्या.