महिन्याचं नाव काढू नका

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो, जगभर चालतो आणि जाणकार त्याचं नाव जरा आदरानेच घेतात. त्याला नीट सांगितलं तर तारखेतला महिना तो मराठीत छापून देतो, जर्मनमध्ये देतो, तुर्कीतही देतो. कितीतरी वर्षांपासून देतो.

तोच छापलेला महिना त्याला परत वाचायला दिला तर? ओळख दाखवायला तयार नसायचा.

स्वतःचं अक्षर स्वतःला न लागणं आपल्याकडे फक्त डॉक्टरांना शोभतं.

हा दोष गेला सप्टेंबर २०२०मध्ये, तेराव्या आवृत्तीत. तोवर तारीख वाचताना महिना इंग्रजीतच हवा. हां, रोमन आकड्यांतला महिना मात्र आधीपासून कळत होता. पोलंड-हंगेरीत तसं लिहितात, मान्य. पण पोलिश महिन्याला त्याच्या पोलिश नावाने प्रवेश नव्हता!

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस तर अजून त्याच वर्गात बसलाय. भाषा निवडायची सोय आहे, पण फक्त छापण्यापुरती. तारीख वाचणाऱ्या फंक्शनवर तिचा काही परिणाम होत नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय. प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी.

आणि त्या भाषांची यादी पाहिलीत? हिंदी आहे, गुजराती आहे, तमिळ-तेलुगू आहेत. फॅरो बेटांची भाषा आहे, जी बोलणारे लाखभरही नाहीत. मराठी नाही. अभिजात दर्जा मिळाला ना? मग अजून काय पाहिजे?

ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसला महिन्यांचं हे लिहिणं-वाचणं दोन्ही जुनंच येतं. त्याचं बिल पाहिलं की का येतं तेही कळतं.

'अहो, हे दिसतं तितकं सोपं नाही,' असं इंजिनिअर सांगतात. खरंच नाही. रशियनमध्ये नुसता जानेवारी 'यान्वार', पण तारखेबरोबर आला की 'यान्वार्या'. तुर्की नोव्हेंबरात बिनटिंबाचा 'आय' आहे. मोठ्या लिपीतलं नाव इंग्रजी नियमाने लहान लिपीत नेलं की त्यावर टिंब उगवतं आणि महिना हरवतो.

आपणही काही कमी नाही. 'ऑक्टोबर'मधला 'ऑ' एका फटक्यात उमटतो, आणि 'अ'ला अर्धचंद्र-काना जोडूनही उमटतो. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. शिवाय एक कारकून 'सप्टेंबर' लिहितो आणि शेजारच्या टेबलावरचा 'सप्टेम्बर'. दोघेही आपापल्या जागी कायम आहेत.

मग सरळ आकड्यांत लिहा ना, हा सल्ला ठरलेलाच. लिहा. ०३-०४-२०२४. तीन एप्रिल की चार मार्च? अमेरिकेतल्या भाच्याला विचारा आणि भांडत बसा.

गंमत म्हणजे, इंग्रजी महिन्याचा नुसता वास आला तरी यंत्रं केवढी तत्पर! 'मार्च१' आणि 'सेप्ट१' ही माणसाच्या जनुकांची नावं. शास्त्रज्ञांनी ती एक्सेलमध्ये भरली की एक्सेल त्यांच्या तारखा करून मोकळं. अखेर २०२०मध्येच नामकरण समितीने जनुकांची नावं बदलली. 'मार्चएफ१', 'सेप्टिन१'. एक्सेलने हा आगाऊपणा बंद करायची सोय दिली २०२३मध्ये.

जनुकं आधी हलली, एक्सेल नंतर.

असो. पोस्टग्रेसला आता महिने वाचता येतात म्हटल्यावर कुणी उत्साही माणूस जुन्या सरकारी नोंदी भरायला घेणारच. सर्व्हरवर मराठी लोकेल, म्हणजे भाषेचे नियम, बसवेल, सेटिंग बदलेल, फॉरमॅटमध्ये भाषांतराची खूण घालेल. मग आपल्या शासन निर्णयावर असते तशी तारीख देईल: १५ मार्च २०२४.

नकार.

आता काय झालं? 'मार्च' ठीक आहे हो. '१५' अडलं. देवनागरी आकडे त्याच्या लेखी आकडेच नाहीत.

रोमन आहेत!