चित्रपटोत्तर उद्गारांची मीमांसा (धाराशिव खंड)

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ४९ भाव मोजून ठेवले आहेत. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फाटणं, डोळ्यांत पाणी येणं, अगदी शुद्ध हरपणंसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. सुटला तो पन्नासावा. सिनेमा संपतो, दिवे लागतात, माणूस खुर्चीखाली पायानं चप्पल चाचपडतो आणि शेजारच्याला म्हणतो, "बरा हाय." हा भाव स्थायी म्हणवत नाही, कारण टपरी येईस्तोवर तो बदलतो. व्यभिचारी म्हणावा, तर बदललेल्या मतावर हाच माणूस पुढं दहा वर्षं ठाम राहतो. सात्त्विक तर तो नाहीच नाही.

या उद्गारावर अजून ग्रंथ झालेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून धाराशिव जिल्ह्यापुरतं हे काम मी अंगावर घेतलं आहे. अनुदान कुणी दिलेलं नाही, मागितलेलंही नाही. साधनसामग्री म्हणजे अलीकडं कधी पडद्यावर, कधी टीव्हीवर, कधी भाच्याच्या मोबाइलवर बघितलेले सिनेमे, ते बघताना शेजारी असलेले नातेवाईक आणि बस स्टँडसमोरच्या टपरीवर संध्याकाळी भरणारं मंडळ. मंडळातल्या सदस्यांची नावं संशोधनाच्या शिस्तीला धरून गुप्त ठेवली आहेत. त्यांनी तशी विनंती केली नव्हती.

आधी पूर्वपक्ष. पूर्वपक्ष म्हणतो की प्रतिक्रिया सिनेमातून उपजते. पुराव्यादाखल पॅरिसची गोष्ट सांगतात: ल्युमिए बंधूंनी पडद्यावर आगगाडी आणली आणि घाबरलेले प्रेक्षक पळत सुटले. अलीकडच्या इतिहासकारांचा या पळापळीवर फारसा विश्वास नाही. माझाही नाही. गाडी फलाटाला लागताना आमच्याकडंही माणसं पळतात, पण गाडीच्या दिशेनं. त्याच ल्युमिए बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळं पहिल्या खेळाला धाराशिवकर हजर असण्याचा संभव कमी. हे मराठी समीक्षेचं नुकसानच झालं. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं. हॉटेलात काम करणाऱ्या या माणसाला फाळक्यांनी त्याचे नाजूक हात बघून उचलला, असं सांगतात. आमचा माणूस तिथं असता तर त्यानं निदान मनगटावर शंका काढलीच असती.

पूर्वपक्षाचा खरा आधार १९७५ चा आहे. त्या वर्षी 'शोले' आला आणि 'जय संतोषी माँ'सुद्धा आला. दुसऱ्याला लोक चपला बाहेर काढून बसले, पडद्यावर नाणी उधळली, आरत्या झाल्या. पण ही प्रतिक्रिया नव्हे, हे दर्शन झालं. 'सेकंड हाफ ओढलाय का हो?' असं त्या भाविकांना कुणी विचारलं नाही. तुळजापूरच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्या माणसालाही आपण "झालं का दर्शन?" एवढंच विचारतो. देवीनं उत्तरार्धात पकड सोडली, असं तो सांगत नाही.

मत द्यायची सवय आपल्याला तंबूनं लावली. जत्रेतल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातले गंजलेले प्रोजेक्टर आणि ट्रकमधून गावोगाव जाणारे पडदे आपल्याच महाराष्ट्रातले. पडद्याच्या मागच्या बाजूनंही सिनेमा बघायचो, अशी आठवण जुनी माणसं सांगतात. आमच्या मंडळातले ज्येष्ठ सदस्य त्यांपैकीच. त्यांच्या मते जुन्या काळचे सगळे हिरो डावखुरे होते. पुरावा मागितला तर म्हणतात, "म्या स्वतः बगितलंय." संशोधकानं इथं गप्प बसावं.

आता सिद्धान्त. दीर्घ निरीक्षणाअंती मी अशा मताला आलो आहे की सिनेमाविषयीचं मत तो बघायला माणूस किती किलोमीटर गेला, यावर ठरतं. याला मी अंतरनियम म्हणतो. धाराशिवच्या ज्या माणसाला मल्टिप्लेक्सच हवं असतं, तो सोलापूर गाठतो. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. वाटेत तुळजापूरचा घाट, तामलवाडीचा टोल, धाकट्याची उलटी. शिवाय आत गेल्यावर तिकिटाहून महाग मक्याच्या लाह्या. एवढं सोसून परत आलेला माणूस सिनेमाला भंगार म्हणू शकत नाही, कारण मग बायको विचारते, "जायचं कुणी काढलं होतं?"

उदाहरण आमच्या दाजींचं. डिसेंबर २०२५ मध्ये आलेला आदित्य धर यांचा 'धुरंधर' त्यांनी सहकुटुंब सोलापुरात बघितला. सिनेमा साडेतीन तासांचा, वर जाऊन-येऊन तीन तास. परतल्यावर मत: "लय भारी. नादच न्हाई." काय भारी, असं खोदून विचारलं तेव्हा त्यांना अक्षय खन्नाची नाचत होणारी एंट्री आठवली, मध्यंतरातली रांग आठवली आणि येताना कुठल्या धाब्यावर शेंगाभाजी खाल्ली तेही आठवलं. कथा आठवली नाही. पुढं तोच सिनेमा त्यांनी घरी लोडाला टेकून मोबाइलवर लावला. अंतर शून्य किलोमीटर. विसाव्या मिनिटाला म्हणाले, "लांबवलाय राव. ढकल पुढं." सिनेमा तोच, दाजी तेच, खर्चलेलं डिझेल तेवढं वेगळं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तासभर कमी असता तर चाललं असतं. पण मी तो दाजींच्याच गाडीतून जाऊन बघितला होता, त्यामुळं तिथं बोललो नाही.

सोलापूर, तुळजापूर, धाराशिव या रेल्वेमार्गाचं काम चाललं आहे. तो सुरू झाला की प्रवास सोपा होईल, खर्च उतरेल आणि अंतरनियमानुसार हिंदी सिनेमाचा दर्जा आमच्या जिल्ह्यात झपाट्यानं घसरेल. रेल्वेनं याचा विचार केलेला दिसत नाही.

अंतरनियमाला एक उपनियम आहे: ज्याचं तिकीट त्याचं मत. तिकिटं काढणारा बाहेर पडताच सगळ्यांच्या तोंडाकडं बघत "कसा वाटला?" असं विचारतो. हा प्रश्न नसतो, पावती मागणं असतं. यावर जास्त लिहीत नाही, कारण वाचकांपैकी प्रत्येकानं अशी पावती कधी ना कधी फाडलेली आहे.

याहून रसाळ प्रकरण ज्ञातवस्तूचं. प्रत्येक प्रेक्षकाला जगातली एक गोष्ट पक्की ठाऊक असते, आणि पडद्यावर ती दिसेपर्यंत तो दबा धरून बसलेला असतो. आमच्याकडच्या माणसाला शेळी कळते. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली, काळ्या रंगाची, जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध. त्यामुळं हिरॉइन डोंगरावर गात असताना आमचे लोक मागच्या कळपाकडं बघून म्हणतात, "ही आपली न्हाई." एसटीतून रिटायर झालेल्या सदस्यांना गाड्यांचे नंबर कळतात. आमच्या जिल्ह्यात घडणाऱ्या मालिकेत एमएच २५ सोडून दुसरी पाटी दिसली की त्यांच्यापुरती मालिका संपते. परंड्याच्या माणसाची जखम आणखी जुनी आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यात होती, सतराव्या शतकात ती तिकडं नेली. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला, सगळं थिएटर घोषणांनी दणाणलं, शेवटी मोठमोठे गडी डोळे पुसत बाहेर आले. आमचे परंड्याचे सदस्यही पुसतच आले. पण टपरीवर पहिला घोट घेतल्यावर म्हणाले, "तोफा बारक्या दाखवल्या." मी ही नोंद जशीच्या तशी ठेवली आहे, कारण इतक्या मोठ्या शोकातही ज्याचं माप चुकत नाही तो खरा समीक्षक.

'छावा'नं शास्त्रात आणखी एका प्रकाराची भर घातली: प्राक्-प्रतिक्रिया. ट्रेलरमधल्या लेझीमच्या नाचावर सिनेमा लागायच्या आधीच वाद पेटला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला. त्या वादात आमच्या मंडळाच्या चार बैठका रंगल्या. सिनेमा आला तेव्हा भांडायचा मुद्दाच उरला नव्हता, त्यामुळं नाइलाजानं सगळ्यांना सिनेमा बघावा लागला.

सात्त्विक भावांचं प्रकरण 'सैयारा'मुळं उघडावं लागलं. जुलै २०२५ मध्ये हा मोहित सुरींचा सिनेमा आला आणि थिएटरात हुंदके देणाऱ्या पोरांच्या क्लिपा घरोघर फिरल्या. आमचा भाचा लातूरला शिकतो, तोही रडला. "मामा, तुला न्हाई कळायचं," म्हणाला. रडायच्या आधी त्यानं कॅमेरा चालू केला होता, ही माहिती त्याच्या मित्रानं पुरवली. म्हणून लगेच ते अश्रू खोटे ठरवू नयेत. मन एकाग्र झाल्याशिवाय सात्त्विक भाव प्रकटत नाहीत, असं नाट्यशास्त्रच सांगतं. आणि एका हातानं अँगल धरून दुसऱ्यानं डोळे पुसायला एकाग्रता लागतेच. मला सिनेमा ठीक वाटला. गाणी चांगली आहेत. हिरोला कुणीतरी एकदा पोटभर जेवू घालायला हवं होतं.

'दशावतार' मात्र मनापासून आवडला. १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर असं काम करतात, हे बघून आमच्या मंडळातल्या साठीच्या सदस्यांनी गुडघ्याविषयी बोलणं आठवडाभर बंद ठेवलं. पण प्रतिक्रिया बघा. कोकणातलं ते रान, ती झाडी, तो पाऊस पडद्यावर आला आणि शेजारून आवाज आला, "किती वाया चाललंय." दुष्काळी जिल्ह्याचा माणूस निसर्गदृश्य बघत नाही, तो साठवण क्षमता बघतो. कोकणातल्या प्रेक्षकाला जिथं भक्ती आणि भय दिसलं, तिथं आमच्याकडच्यांना पाझर तलावाच्या जागा दिसल्या. पुढं पंधरा दिवसही गेले नाहीत तोवर परंडा आणि भूम तालुक्यांत असा पाऊस झाला की गावंच्या गावं पाण्यात गेली, माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, जनावरं वाहून गेली. त्यानंतर हा सिनेमा बघितलेल्यांपैकी कुणीही पावसाच्या दृश्यावर काही बोललेलं माझ्या वहीत नाही.

नियम झाले, आता नियम मोडणारे सिनेमे. 'सैराट' अशांतला. २९ एप्रिल २०१६ ला तो आला तेव्हा परंड्याकडच्या लोकांनी त्यावर थेट मालकी सांगितली. करमाळा तालुका परंड्याला लागून, शिवाय करमाळ्याची कमलाभवानी तुळजापूरच्या भवानीचंच रूप मानलेली. म्हणजे करमाळ्याकडचे दिग्दर्शक नागराज मंजुळेही आमचेच. जवळजवळ तीन तासांच्या त्या सिनेमात पावणेतीन तास लोक नाचले. शेवटच्या काही मिनिटांनंतर कुणाला चप्पल सापडेना. बाहेर आल्यावर तिकीट काढणाऱ्यानंसुद्धा "कसा वाटला?" असं विचारलं नाही. अंतर, डिझेल, शेळी, नंबरपाटी, काहीच लागू पडेना.

दुसरा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ'. मार्च २०२५ मध्ये थिएटरात लागला, टोरांटोला पुरस्कार घेऊन आलेला, चंद्रपूरकडच्या खेड्यातला. मुलगी बघायला पाहुणे येतात, तिला स्टुलावर बसवतात आणि तेच ते विचारतात: नाव, शिक्षण, उंची. घरच्या टीव्हीवर आम्ही तो बघत होतो. आत्या दिवाणावर आडवी, अर्धवट झोपेत. पडद्यावर पाहुण्यानं उंची विचारली आणि दिवाणावरून उत्तर आलं, "पाच फूट एक." सगळे हसले. पुढच्या खेपेला पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, आत्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. संपल्यावर मी वही काढून विचारलं, "आत्या, कसा वाटला?" ती म्हणाली, "ह्यात बघण्यासारखं काय हाय? असंच असतंय." गेल्या वर्षभरात मी टिपलेल्या उद्गारांत इतकं नेमकं परीक्षण दुसरं नाही, आणि माझ्या लेखी या सगळ्यांत 'स्थळ'च पहिला.

प्रबंध इथवर आला आहे, पण पुराव्यांत एक उणीव राहिली आहे. एकट्यानं, स्वतःच्या पैशानं, चालत जाऊन सिनेमा बघितलेला आणि त्यावर कुणालाही काही न सांगितलेला प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. धाराशिव, कळंब, उमरगा, लोहारा, वाशी, कुठंही असा कुणी असल्यास त्यानं टपरीवर येऊन जावं. चहा माझ्याकडून. मात्र चहा कसा होता, हे मी विचारीन तेव्हा बरा म्हणावं.