चावी आमची, पैसे आमचे, आणि जबाबदारीही आमचीच?

भोकर, जि. नांदेड

प्रति,
माननीय फलक महोदय,
(‘वाहने मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत. चोरी अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ या मजकुराचे)
मुक्काम : पार्किंगचं फाटक, सर्वत्र

विषय : आपण झटकलेली जबाबदारी परत घेण्याबाबत.

महोदय,

आपल्याइतका स्पष्टवक्ता आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही. पुढाऱ्याला जबाबदारीचा विसर पडायला निवडून यावं लागतं, ठेकेदाराचं बिल निघावं लागतं. आपण मात्र गाडीचं पुढचं चाक आत यायच्या आधीच हात वर करून उभे असता. भोकरचा माणूस दवाखान्यासाठी नांदेडला जावो, लेकराच्या अक्षराभ्यासाला बासरला जावो, नाहीतर पाहुण्याच्या लग्नाला. शेवटी त्याला आपल्याच दारात यावं लागतं. सोबत त्याची गाडी असते : दसऱ्याला झेंडूची माळ घातलेली, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली आणि निम्मे हप्ते बाकी असलेली. शिट्टी वाजवत एक पोरगा येतो आणि चावी मागतो. त्याचं नाव मालकाला ठाऊक नसतं, गावही ठाऊक नसतं. तरी मालक चावी देतो, वर पैसे देतो, आणि मग त्याची नजर आपल्यावर जाते. आपण त्याला सांगता, की बाबा, आता तुझं तू बघ. अनोळखी माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून लोक त्या मालकाला भोळा म्हणतात. माझ्या मते त्याचा भोळेपणा एवढाच, की तो आपल्या मजकुराला कायदा समजतो.

कायदा आपल्यापेक्षा वयाने मोठा आहे. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घेणं आणि काम झालं की परत करणं याला निक्षेप म्हणतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये त्याची कलमं १४८पासून सुरू होतात. हा कायदा झाला तेव्हा भोकर निजामाच्या राज्यात होतं आणि मोटार कुणाच्याच राज्यात नव्हती, त्यामुळे त्यातली बरीच उदाहरणं घोड्यांची आहेत. माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात बघून सौदा करणाऱ्या जिल्ह्याला ती जड जाऊ नयेत. एकाने फक्त स्वतःच्या बसण्यासाठी घोडा मागून नेला आणि घरातल्याच दुसऱ्याला बसू दिला. तो दुसरा जपून बसला, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई घोडा मागून नेणाऱ्याने द्यायची. दुसऱ्याने कलकत्त्याहून बनारसला जातो म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि कटकला नेला. वाटेत अपघात झाला तर काळजी घेतली होती ही सबब चालत नाही. या सगळ्याच्या मुळाशी कलम १५१ आहे : समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी. त्यात ओळख, गाव, नातं, जात यांचा उल्लेखही नाही. घोडा अनोळखी माणसाच्या हाती जाणारच, हे कायद्याने धरूनच चाललेलं आहे. त्याचा आग्रह एवढाच, की लगामाबरोबर जबाबदारीही त्याच हाती जावी.

यावर आपण म्हणाल की आम्ही तर नियम आधीच रंगवून ठेवलेला आहे, मालकाने वाचून गाडी आत घातली. अगदी हेच दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलने म्हणून पाहिलं होतं. १ ऑगस्ट १९९८च्या रात्री अकराच्या सुमारास तिथे एक पाहुणा मारुती झेन घेऊन आला. गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली, टॅग घेतला आणि आत गेला. टॅगवर आपलाच मजकूर होता : गाडी मालकाच्या जबाबदारीवर. काही वेळाने आपली गाडी मागवण्याच्या निमित्ताने तीन तरुण बाहेर आले, त्यातल्या एकाने टेबलावरची झेनची चावी उचलली आणि सुरक्षारक्षक अडवत असताना गाडी पळवली. विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग मालकाला सोबत घेऊन हॉटेलवर दावा लावला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. अजय रस्तोगी यांनी निकाल दिला. चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती होती तशी परत करणं हॉटेलचं काम. परत करता आली नाही, तर त्यात आपला हलगर्जीपणा नव्हता हे हॉटेलनेच दाखवायचं. आणि टॅगवर चार शब्द छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटका करून घेता येत नाही. महोदय, पंचतारांकित हॉटेलचा छापील टॅग ज्या परीक्षेत नापास झाला, तिथे पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवलेल्या आपल्याला पास कोण करणार?

आता आपला सगळ्यात वजनदार आक्षेप. वीस रुपयांच्या पावतीवर वीस लाखांच्या गाडीची हमी मागणं हा कुठला न्याय? आक्षेप दिसतो तेवढा भक्कम नाही, कारण हमी कुणी मागितलेलीच नाही. पुरेशी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर सांभाळणाऱ्यावर दोष नाही, असं कलम १५२च सांगतं. वीज पडली, पूर आला, शस्त्रं रोखून गाडी नेली, तर पार्किंगवाल्याने घर विकून भरपाई करावी असं कुणी म्हणत नाही. वीस रुपयांत गाडीचा विमा मिळत नाही हे खरं. पण फाटकावर माणूस असावा, चाव्या उघड्या टेबलावर पडू नयेत, पावतीचा नंबर बघूनच गाडी बाहेर सोडावी, एवढं लक्ष वीस रुपयांत यायला हवं. तेवढंही येत नसेल तर ते वीस रुपये कशाचे? बँकांनीही लॉकरच्या बाबतीत आपलंच शास्त्र वापरलं होतं : आत काय ठेवलंय आम्हाला माहीत नाही, भाडं थोडं, जबाबदारी ग्राहकाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्या. शांतनगौडर यांच्याच खंडपीठाने बँकांना असे हात झटकता येणार नाहीत असं बजावलं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले, आणि १ जानेवारी २०२२पासून आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेला वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत देणं लागतं. म्हणजे जबाबदारीला मर्यादा घालता येते, तिचं शून्य करता येत नाही. वीस रुपयांची शंभर पट दोन हजार होते. तेवढ्यात गाडी येणार नाही, पण बाजूचा फुटका आरसा तरी येईल. आपण तर तेवढंही देऊ करत नाही.

आपला दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे. आम्ही गाडी सांभाळायला घेतच नाही, फक्त जागा भाड्याने देतो. हा मुद्दा मी मान्य करतो, पण अर्धाच. मालकाने स्वतः गाडी लावली, कुलूप घातलं, चावी खिशात घालून तो निघून गेला, तर गाडी आपल्या ताब्यात आली असं सहसा म्हणता येणार नाही. तिथे आपला मजकूर बराचसा खरा ठरतो. मात्र लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या पटांगणात काय चालतं ते आपण रोज वरून बघता. जागा कमी, गाड्या जास्त, म्हणून मालकाला सांगितलं जातं : ‘दादा, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका.’ मालक आत पंगतीला बसतो आणि बाहेर त्याची गाडी दोघं-तिघं ढकलून कधी पिंपळाखाली नेतात, कधी डीजेच्या ट्रॉलीला चिकटवतात. मालकाला ती आता हलवता येत नाही, कारण पुढे चार गाड्या आहेत. आपल्या माणसांना मात्र हवी तशी हलवता येते. याला ताबा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? हँडब्रेक काढायला लावता त्याच क्षणी आपण जागेचे मालक न राहता गाडीचे राखणदार होता. दोन्ही भूमिका एकदम करायच्या, तर निदान मानधन दोन्हींचं घेऊ नये.

तिसरा आक्षेप आपला नाही, गावाचा आहे. गाव म्हणतं, अनोळखी माणसाला गाडी द्यावीच कशाला, आपल्या माणसाला द्यावी. या उपदेशाने जेवढ्या गाड्या खराब झाल्या असतील, तेवढ्या आपल्या पार्किंगमध्ये झाल्या नसाव्यात. भाचा ‘जरा चौकात जाऊन येतो’ म्हणून चावी नेतो, तेव्हा ना पावती असते ना वेळ लिहिलेली असते. नवरदेवासाठी म्हणून दिलेली गाडी वरात संपल्यावर करवल्यांना सोडायला तीन गावं फिरते. भोकर मतदारसंघाने मुख्यमंत्री पाहिलेले आहेत, त्यामुळे प्रचाराचे ताफेही पाहिलेले आहेत. ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून कार्यकर्त्याने नेलेली गाडी निकालाच्या गुलालासकट परत येते, आणि गुलाल सीटमधून निघत नाही. १८७२च्या कायद्यातला घोडा पडला तोही घरच्याच माणसाच्या हातून, हे विसरू नये. शिवाय आपल्या माणसाचा धोका जास्त महागाचा असतो. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी गेली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ओळखीच्याला गाडी विकली आणि कागद नावावर करायचे राहिले, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. ओळखीत कागद मागायची लाज वाटते, आणि नेमका तोच कागद पुढे लागतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात पाहा. देशभरातून आलेली माणसं कधीही न पाहिलेल्या सेवादाराच्या हाती पादत्राणं देतात आणि टोकन घेऊन निर्धास्त आत जातात. तिथे ओळख कुणाचीच नाही. टोकन आहे, आणि सांभाळणं हे आपलं काम आहे असं मानणारा माणूस आहे. विश्वासाला तेवढं पुरतं.

मग कुणी कळवळून म्हणेल, ही जबाबदारी शेवटी त्या शिट्टीवाल्या पोरावरच येणार ना? दिवसाच्या रोजावर उन्हात उभा राहणारा तो, त्याच्याकडून भरपाई कशी मागायची? त्याच्याकडून मागायचीच नाही. पावती ज्याच्या नावाने फाडली जाते, पैसे ज्याच्या गल्ल्यात जातात, त्या ठेकेदाराने किंवा कार्यालयाच्या मालकाने आपल्या माणसाच्या कामाची जबाबदारी घ्यायची असते. दिल्लीच्या खटल्यातही पैसे हॉटेलने द्यायचे होते, दारावरच्या नोकराने नव्हे. खरं तर, महोदय, आपल्या मजकुराचा सर्वांत मोठा तोटा त्या पोरालाच होतो. ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ असं आपण म्हणता, तेव्हा चिडलेल्या मालकाला कॉलर धरायला समोर तो एकटाच उरतो. व्यवस्थापनाला भरपाईची धास्ती असती, तर त्याने त्या पोराला ओळखपत्र दिलं असतं, लायसन आहे का ते बघितलं असतं, चाव्यांसाठी कुलपाचा फळा केला असता, जोडीला दुसरा माणूस दिला असता. जबाबदारी झटकता येते म्हणूनच हा खर्च वाचतो. आपण त्या पोराला वाचवत नाही. आपण त्याच्या मागे लपलेल्या माणसाला सावली देता.

मालकही धुतल्या तांदळासारखा नाही, हे कबूल करायला हवं. ब्रेक ढिला आहे, क्लच सुटतो, रिव्हर्स पडत नाही, हे चावी देताना न सांगणारा मालक कलम १५० मध्ये सापडतो : घोडा बिथरणारा आहे हे माहीत असून न सांगणाऱ्याने त्यातून झालेलं नुकसान भरायचं असतं. गाडीत रोकड आणि सोनं ठेवून नंतर सगळा हिशेब पार्किंगवाल्याच्या माथी मारणाराही तसाच. आणि गॅरेजवाल्याची मजुरी न देता गाडी मागणाऱ्याला कलम १७० आडवं येतं. मजुरी मिळेपर्यंत दुरुस्त केलेली गाडी अडवून ठेवण्याचा हक्क त्या अनोळखी मिस्त्रीलाही आहे. सौदा दोन्ही बाजूंनी असतो, आणि म्हणूनच तो एका बाजूने रंगवलेल्या फलकावर मावत नाही.

तरी आपल्याला काढून टाका, अशी मागणी मी करत नाही. एवढा पत्रा वाया का घालवायचा? आपल्यावर नवा मजकूर रंगवून घ्यावा, एवढीच विनंती : पावतीवर गाडीचा नंबर, वेळ, आधीचे ओरखडे आणि चावी घेणाऱ्याचं नाव लिहून मिळेल; चावी आमच्याकडे असेपर्यंत गाडी आमची समजून सांभाळू; आमच्या चुकीने नुकसान झालं तर भरून देऊ; कुलूप लावून चावी नेलीत, तर फक्त जागेचं भाडं घेऊ. एवढं लिहायची हिंमत नसेल, तर आपण आहात तसेच राहावं. मात्र मग आमच्या मालकांनीही पैसे देताना म्हणावं, की हे वीस रुपये तुम्ही तुमच्या जबाबदारीवर घ्या, खोटे निघाले तर आम्ही जबाबदार नाही. व्यवस्थापन त्या नोटा उजेडात धरून तपासेल, पाणचिन्ह बघेल, दोनदा मोजेल. दुसऱ्याने दिलेली वस्तू काळजीने कशी हाताळायची हे त्याला उत्तम येतं, एवढं त्यावरून सिद्ध होईल.

आपला,
एक पावतीधारक

ता. क. : हे पत्र आपल्याच खांबाला चिकटवत आहे. ते फाटलं किंवा चोरीला गेलं, तर जबाबदार कोण, ते कळवावं.