मामा आणि मतलई वारा

बायकोच्या मोठ्या मामांची सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्याच्या वहीत जे असायला नको ते हुडकायचं आणि त्यावर आक्षेप काढायचा, हा त्यांचा धर्म. असा माणूस निवृत्त झाला की बहुधा सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि सोसायटीला घरघर लागते. मामांनी तसं केलं नाही. त्यांनी अलिबागजवळ नागावला, वडिलोपार्जित वाडीत, पोहायचा तलाव बांधला.

त्याला कारणं होती. 2020 साली दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट अलिबागेत येऊन पडू लागले. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि त्यानं वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या. जागा मोकळी झाली. वाडीत उतरायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न ‘पूल आहे का?’ हाच असे. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई त्यानंतर. मामांनी चोवीस बाय बारा फुटांचा, चार फूट खोल खड्डा खणला, निळ्या टाइल्स बसवल्या आणि साडेबत्तीस हजार लिटर पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निळाईच्या मधोमध बदामाचं एक लालभडक पान तरंगत होतं. निवृत्तीनंतरचा पहिला आक्षेप मामांना घरबसल्या मिळाला.

वादळानं पोफळी नेल्या, पण जी झाडं राहिली ती सगळी पाण्याच्या वाईटावर. नारळ त्यातल्या त्यात प्रामाणिक. महिन्याला साधारण एक झावळी, तीही धप्पकन आवाज देऊन. आंब्याचा मोहोर मात्र पिठासारखा झडतो आणि पाण्यावर साय धरतो. जांभूळ मे-जूनमध्ये टाइल्सच्या फटी जांभळ्या करतं. देशी बदाम वर्षातून दोनदा पानं गाळतो, आणि त्याचं पान पाण्यात राहिलं की रंग सोडतं. हौशी लोक हीच पानं विकत आणून माशांच्या टाकीत टाकतात, पाणी तांबूस व्हावं म्हणून! मामांकडे मासे नाहीत. त्याच बदामावर रात्री वटवाघळं जेवायला बसतात आणि खरकटं खाली सोडतात. शिवाय कुजणारा पाला क्लोरीन खातो. लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन राहायला हवं. मामा संध्याकाळी मोजून टाकतात आणि सकाळी शून्यावर येतं. “अफरातफर आहे ही,” मामा म्हणतात.

झाडं तोडा, असं सुचवणारे भेटतातच. मामांनी 1964 चा वृक्षतोड कायदा आणून त्याची अनुसूची वाचून काढली. आंबा आहे, जांभूळ आहे. परवानगीशिवाय हात लावायचा नाही. बदाम अनुसूचीत नाही, पण तो शेजारच्या काकूंचा. सुरूही नाही, पण तो किनाऱ्यावरचा, म्हणजे सरकारी. थोडक्यात, जे मामांचं ते तोडता येत नाही आणि जे तोडता येतं ते मामांचं नाही. काकूंना एकदा त्यांनी लेखी पत्रही दिलं. काकूंनी ते गड्याकडून वाचून घेतलं आणि कुंपणावरूनच उत्तर दिलं, “भाऊ, झाड म्हटल्यावर पान गळणारच की. हौद तुम्ही खाली आणून ठेवलात.”

खरा घोळ वाऱ्याचा. पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड, ज्याला स्किमर म्हणतात, ते वारा जिकडे कचरा ढकलतो त्या बाजूला हवं. कंत्राटदारानं ते पश्चिमेच्या भिंतीत बसवलं. दुपारभर समुद्रावरून खारा वारा येतो आणि पानन्‌पान पूर्वेला पायऱ्यांशी नेऊन लावतो. स्किमर पश्चिमेला कोरडा घसा घेऊन बसलेला. मामांनी आठवडाभर विचार केला. मग शाळेतला भूगोल आठवला: रात्री जमीन निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. तेव्हापासून मामा पहाटे चारला उठतात, बोट ओलं करून हवेत धरतात आणि पूर्वेची झुळूक लागली की पंप सुरू करतात. पावसाळ्यात वारा दिवसरात्र एकाच बाजूचा, तेव्हा मामा फार चिडके असतात.

सुरूच्या काड्या मात्र स्किमरच्या टोपलीतूनही निसटतात आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. त्यावर मामांनी टोपलीला आतून फडकं लावलं. काड्या अडल्या, पाणीही अडलं. पंप हवा ओढायला लागून घशात खाकरल्यासारखा आवाज करू लागला. मामी बाहेर आल्या, टोपलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “माझं चक्क्याचं फडकं!” त्या पाडव्याला श्रीखंड विकतचं होतं.

मग अख्ख्या तलावावर जाळं ताणून झालं. पानं जाळ्यावर साठली, पाऊस पडला, जाळं पाण्यात लोंबलं आणि दोन दिवसांत साडेबत्तीस हजार लिटर कोरा चहा तयार झाला. जाळं आता काकूंच्या कोंबड्यांना दिलंय.

उरली ती हातातली जाळी, सोळा फुटी दांड्याची. ती चालवताना मामांना पाहावं. पानावर झडप घालायची नाही. लाट उठते आणि पान पळतं. जाळी लांबूनच पाण्यात आडवी शिरवायची, पानाखाली न्यायची, अलगद वर उचलायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि मगच मनगटाचा हलका झटका देऊन पालथी घालायची. हा झटका गड्याला जमत नाही, असं मामांचं मत आहे. गड्याचंही तेच मत आहे. तो जमवून घेण्याच्या फंदात पडत नाही. पाहुण्यांची पोरं पाण्यात धिंगाणा घालत असताना मामा काठावरून फिरत असतात. “बाळ, जरा डोकं खाली घे,” म्हणतात आणि त्याच्या कानामागचं पान टिपतात. मी एकदा म्हटलं, “मामा, तुम्हीही उतरा की पाण्यात.” ते म्हणाले, “जावईबापू, ऑडिटरनं कधी त्याच खात्यात पैसे ठेवावेत का?”

गेल्या माघात माझ्या मेहुणीचं लग्न त्याच तलावाच्या काठी झालं. तिची हौस. बदामाची पानगळ ऐन भरात. मामांनी गुरुजींना आधीच बजावलं होतं की अक्षता पूर्वेकडून पश्चिमेला टाकायच्या नाहीत. तांदूळ बुडतो, स्किमरला सापडत नाही. गुरुजी म्हणाले, अक्षता वधूवरांच्या डोक्यावर टाकतात, दिशा बघून नाही.

मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, तसे मामा उभे होते. अल्बममधला मोठा फोटो तेव्हाचाच आहे: अंतरपाट, हार घेतलेली मुंडावळ्यांतली मेहुणी, तिच्यामागे फेटा बांधलेले मामा, हातात सोळा फुटी जाळी आणि नजर पाण्याकडे. वरमाय नागपूरच्या. त्यांनी फोटो निरखून पाहिला आणि मामींना अदबीनं विचारलं, “मामाच्या हाती जाळी देतात, ही तुमच्याकडची पद्धत आहे का हो?”

“हो,” मामी म्हणाल्या, “2020 पासून.”